नावेतली बळवंतची जागा

शेगडी जरा इकडे सरकवा रे, आणि ते दार लोटून घ्या. विचारलंतच, तर सांगतो. ही कुठली उडत आलेली गोष्ट नाही. भालचंद्र माझ्या वर्गातला, पुढे इथे या कंपू वस्तीत शेजारीही झाला. त्यानंच मला सांगितली, आणि तो उगाच बोलणारा माणूस नव्हता.

विलायतेत दुसरी लढाई सुरू झाली, त्या हिवाळ्यातली पौष शुद्ध तृतीया. भालचंद्र आणि दिनकरराव सकाळीच टांगा करून तिघऱ्याच्या तलावावर मासे धरायला निघाले. दर हिवाळ्यात तिघं जात. त्या वर्षी दोघंच होते.

तिसरा बळवंत. दरबारच्या रिसाल्यातला घोडेस्वार, उंच, हसरा गडी. आदल्या वर्षी याच तिथीला त्याच्या गळाला मोठा महाशीर मासा लागला. ओढायला म्हणून तो उभा राहिला, नाव कलली आणि तो पाण्यात गेला. भालचंद्रानं त्याची बाही धरली होती. बाही फाटली.

बुड्या मारणारे गोताखोर उतरवले, जाळी टाकली. देह मिळाला नाही.

त्याची बायको पद्मा. जयेंद्रगंजात घर. सासूबाई म्हणाल्या, क्रिया उरकून घेऊ. पद्मावहिनी म्हणाल्या, "मी काही पाहिलेलं नाही. ते येतील." रोज कुंकू लावायच्या. आपल्या या लष्कर भागातल्या नळांना त्याच तलावाचं पाणी येतं, म्हणून नळाला हात लावायच्या नाहीत. लांबच्या विहिरीवरून पाणी भरायच्या. सवाष्ण म्हणून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवेना, आणि विधवा म्हणून रडायची त्यांची तयारी नव्हती. असं वर्ष गेलं. भालचंद्र त्या गल्लीतून जाताना मान खाली घालायचा.

दिनकरराव म्हणाला होता, "यंदा नको जाऊ या."

भालचंद्र म्हणाला, "त्याचं श्राद्धसुद्धा करता येत नाही आपल्याला. निदान एक दिवस त्याच्याजवळ बसू."

नाव तीच, ती वल्हवणारा म्हातारा केवटही तोच. दिवस छान गेला. कोवळं ऊन, पाणी शांत. रोहू चांगले लागले. पुऱ्या आणि लोणचं खाताना बळवंतच्या गमती निघाल्या आणि दोघं हसले. नावेत पुढच्या फळीवर बळवंत बसायचा. ती फळी दोघांनी मोकळी ठेवली होती. ठरवून नव्हे... तिथे बसवेना.

दिवस मावळला. पाण्यावर धुकं उतरलं. केवट किनाऱ्याकडे वल्हवत होता, तो थांबला.

"बाबूजी, नाव आगे से दब रही है."

"मछली आगे रखी है क्या?"

"मछली तो पीछे है."

दोघांनी पाहिलं. नावेची पुढची कड पाण्याला टेकायला आली होती. पुढच्या फळीवर कुणी नव्हतं.

केवटानं पुन्हा वल्हं मारलं. नाव जड. फार जड...

दिनकरराव रामरक्षा पुटपुटायला लागला. भालचंद्रानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समोर बघत हाक मारली.

"बळवंत."

...

"मला धरता आलं नाही रे."

...

"वहिनी थांबल्यात. तुझं काहीच त्यांच्या हाती नाही, त्यांनी काय करावं? घरी चल. एकदा त्यांना भेट. मग जा."

केवट खांद्यावरच्या अंगोछ्यानं डोळे पुसत होता.

नाव काठाला लागली. आणि पुढची बाजू एकदम वर आली... माणूस उतरल्यावर येते, तशी. काठावर धुकं होतं. दुसरं काही नाही.

सगळे मासे त्यांनी केवटाला देऊन टाकले. टांग्यानं थेट जयेंद्रगंजात आले. रस्त्यावर दिवे लागले होते. बळवंतच्या घराचं दार सताड उघडं होतं.

पद्मावहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. कपाळ कोरं.

"भाऊजी, ते येऊन गेले."

भालचंद्रानं विचारलं, "काही बोलला?"

"नाही. जेवले. मी समोर बसले होते. उठताना माझ्याकडे पाहिलं, आणि..." त्या थांबल्या. "कळलं मला. आता वाट नाही बघायची."

आणि मग वर्षभरात पहिल्यांदा ती बाई रडली. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. भालचंद्रानं त्यांना हळूच विचारलं, "तुम्हाला दिसला?"

"मी देवघरात होते," त्या म्हणाल्या. "हिचा आवाज ऐकला. हिचाच."

देहाच्या जागी दर्भाचा पुतळा करून क्रिया करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात पाट तसाच मांडलेला होता. समोरचं ताट उचलायला कुणाचा हात धजत नव्हता. आदल्या संध्याकाळी वहिनींनी वरणभात आणि वांग्याची भाजी केली होती. बळवंत गेल्यापासून त्या घरात मासा आलाच नव्हता.

ताट मी जवळून पाहिलं. भाताचं एक शीत उरलं नव्हतं. आणि कडेला, नीट ओळीनं लावून ठेवलेले...

काटे होते. मोठ्या माशाचे. स्वच्छ चोखलेले.