पपईचं चांगलं पान

मल्हार आला होता माती तपासायला. सोलापूरच्या त्या इमारतीत मातीचं दार डावीकडे, पिकांच्या विषाणूंचं उजवीकडे. हा पठ्ठ्या शिरला उजवीकडे. तिथं तपासणी करणाऱ्या संस्कृतीनं मातीची पिशवी परत केली, पण त्याच्या मोबाइलवरचा फोटो पाहून ती थबकली. कच्च्या पपईवर गोल वलयं उठली होती.

"हा विषाणू वाटतोय. पानं आणा. रोग निघाला तर ती झाडं लगेच उपटावी लागतील, नाहीतर माव्याची कीड तो बागभर पसरवेल."

त्यानं पानं आणली. रोग नाही. पुन्हा आणली, पुन्हा नाही. फोटोत रोग आणि पानात नाही... संस्कृती पार चक्रावली. रसायनं बदलली, साहेबांची बोलणी खाल्ली. त्यात दुसराच घोळ — दर मंगळवारी त्याची टेंभुर्णीची एसटी यायची वेळ झाली की तिचं लक्ष दाराकडे. बाग निरोगी असावी असं तिला मनापासून वाटायचं. पण निरोगी ठरली तर हा येणार कशाला? तिची तिलाच लाज वाटली.

शेवटी तपासणीची पट्टी पर्समध्ये टाकून ती त्याच्या बागेत गेली. कडेच्या झाडांचे शेंडे आखडलेले, पानं दोऱ्यासारखी.

"ही पानं का नाही आणलीत?"

मल्हारनं टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमच्याकडं यायचं म्हनल्यावर... रोगट पान कसं आणायचं? बागंत हिंडून चांगलं बघून आणत हुतो की."

रागवावं की हसावं, तिला कळेना. "दवाखान्यात आजारी माणूस सोडून धडधाकट शेजारी नेता का तुम्ही?"

"लई चुकलं."

तिनं शेंड्याचं पान द्रावणात चुरडून त्यात पट्टी बुडवली. दोन रेघा उमटल्या, म्हणजे रोग होताच. कडेच्या ओळी दोघांनी मिळून उपटल्या. पुन्हा कधी येणार ते तिनं विचारलं नाही.

मंगळवारी तो दारात उभा. हात रिकामे.

"नमुना?"

"न्हाय. राहिलेली बाग चांगली हाय." तो घुटमळला. "खरं सांगू... पानं निमित्ताला हुती. तुमाला बघायला येत हुतो मी."

संस्कृतीनं सावकाश हातमोजे काढले.

"मग ते चांगलं पान आज आणायचं होतं की," ती म्हणाली.