एका गुलाबाचं भाडं

“गुलाब आला का?”

किल्ल्याच्या दरवाज्यावरून पहारेकऱ्याची ही हाक गारलंड मास्तरांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकली होती. खालून एक बाई फूल उंच धरायची, “आला, आला!” म्हणायची, आणि सगळं विंटरली गाव टाळ्या पिटायचं. भर उन्हाळ्यातला तो दिवस. किल्ल्याच्या पायथ्याचं दगडी घर जुन्या सरदारांच्या काळापासून एवढ्याच भाड्यावर चालत आलेलं: त्याच अंगणातला एक गुलाब, दुपारच्या घंटेआधी, दरवाज्यात. चुकलं तर घर किल्ल्याचं.

आज तोच दिवस होता, आणि दारालगतच्या झुडपावर एकही फूल नव्हतं. कळीसुद्धा नाही.

“काल संध्याकाळी नुसतं लगडलं होतं हो, बाई!” लेटिस म्हणाली. त्या घराची ती मुलगी. मास्तरांकडे उन्हाळ्यापुरत्या उतरलेल्या हेस्टर वेन या खाजगी गुप्तहेरबाईंना तिनं धावत जाऊन आणलं होतं. “फुलं सापडली तरी पुरे. एक सापडलं तरी!”

हेस्टर वाकली. “बघा मास्तर. प्रत्येक देठ डोळ्याच्या, म्हणजे नव्या फुटव्याच्या, जरा वर, तिरका कापलाय.”

“चोराची कात्री धारदार असणार,” मास्तर म्हणाले.

हेस्टर घराकडे वळली.

आत लेटिसची म्हातारी आई केझाया सुजलेले पाय पसरून चुलीपाशी बसली होती. तांब्याच्या पातेल्यातून खोलीभर गोड वास सुटला होता. हेस्टर जवळ येताच केझायानं झाकण ठेवलं.

“स्ट्रॉबेरीचा मुरंबा,” ती म्हणाली. “बसा. घर जातंय म्हणून काय पाहुण्यांना तसंच पाठवू?”

“आई, तुला काहीच कसं वाटत नाही गं?” लेटिस रडवेली झाली.

शेजारचा टोबी फेन बकरीचं दावं धरून कुंपणाशीच उभा होता. “माझ्या बकरीवर आळ नको हं! तिनं खाल्लं असतं तर देठ ठेवले असते का? आधीच गेल्या महिन्यातल्या त्या मेल्या गारांनी गावात एक स्ट्रॉबेरी ठेवली नाही. बिचारी उपाशी आहे.”

हेस्टर आणि मास्तर वर गेले तेव्हा किल्ल्याचे कारभारी क्रोल दरवाज्यात घड्याळ बघत होते. त्या घरात त्यांना चहाचं दुकान काढायचं होतं.

“माझ्यावर संशय? खुशाल घ्या,” ते हसले. “पण मास्तर, मी असतो तर झुडूप मुळासकट उपटलं असतं. एकेक फूल कापत कोण बसणार?”

हेस्टर थबकली. मग एकदम मागे फिरली. मास्तर धापा टाकत मागून.

“सापडला चोर?” त्यांनी विचारलं.

“सापडला. पण उपयोग नाही.”

चुलीपाशी जाऊन तिनं हलकेच झाकण काढलं. साखरेत गुलाबाच्या पाकळ्या विरघळत होत्या.

“गावात स्ट्रॉबेरी नाही आणि तुमच्याकडे मुरंबा, केझायाबाई? शिवाय ते देठ. घर घालवायला आलेला माणूस झुडपाच्या पुढच्या बहराची काळजी घेत नाही. असं कापायला त्यावर माया लागते. माया दोघींचीच, आणि लेटिस तर मला आणायला धावली.”

लेटिस आईकडे वळली.

“मीच,” केझाया म्हणाली. “पायांत बळ नाही, पण दारापर्यंत जाता येतं. हिला मागणी घातलेला एडविन तिकडे ब्रिस्टल शहरात हिची वाट बघतोय. ही म्हणते, तुला आणि घराला टाकून कशी जाऊ? मी तर काही मरत नाही. म्हटलं, घर तरी जाऊ दे. मला म्हाताऱ्यांच्या धर्मशाळेत जागा देतायत. ही सुटेल.”

“एखादं फूल? कुठंतरी ठेवलेलं?” मास्तरांनी काकुळतीनं विचारलं.

“नाही हो, मास्तर. ठेवलं असतं तर माझाच हात मागे फिरला असता.”

चर्चवर दुपारची घंटा सुरू झाली. मास्तर टोपी हातात घेऊन नुसते उभे राहिले. हेस्टरनं झाकण पुन्हा ठेवलं. त्या घंटेपुढे तिच्याही हुशारीचं काही चालणार नव्हतं.

शेवटचा टोला विरला तेव्हा लेटिस खाली बसली. आईच्या मांडीवर तिनं डोकं ठेवलं.

“एडविननं दुसरीशी लग्न केलं गं, आई,” ती म्हणाली. “ईस्टरलाच. तुला सांगवेना मला.”