अकरा वाजताचा आवाज

टक्.

घर इतकं शांत होतं की कपाटावरच्या फॅक्स यंत्राचा तो बारीक आवाज हेमांगीला स्वयंपाकघरात ऐकू आला. तिने गॅस बंद केला आणि ओल्या हातांनीच बाहेर आली. घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला.

यंत्रातून कोणीतरी बोलू लागलं.

आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता, थोडा घोगरा. शब्द मात्र एकही नाही. बंद दाराआड कोणी बोलावं, चढउतार तेवढे कळावेत आणि अर्थ कळू नये, तसं काहीतरी. मग कागद खरखरत बाहेर आला. कोरा. वरच्या कडेला फक्त एक काळी रेघ.

तिची आठ वर्षांची मुलगी सावनी स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन यंत्रासमोर बसली होती. "आजोबा आज लवकर थांबले," ती म्हणाली.

"सावू, ते आजोबा नाहीत."

"आहेत. मी बोलायला लागले की ते गप्प होतात. ऐकतात माझं."

हेमांगीने कोरा कागद काढून घेतला. आवाज मात्र खरंच तिच्या वडिलांचा होता. आणि तिचे वडील गेली दहा वर्षं कोणाशीही बोललेले नव्हते.

ही गोष्ट सन २०४६ मधली आहे. सावनीचे आजोबा, डॉक्टर रघुवीर तांडेल, हे सागरशास्त्रज्ञ (समुद्राचा अभ्यास करणारे). किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरवर काळखडक नावाच्या बेटावर ते एकटे राहून लाटांची मोजणी करत. एका आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले, आणि त्यानंतर त्यांनी बोलणंच सोडलं. 'माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, तो कसा निघतोय कोण जाणे,' असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. तेव्हापासून रोज अकरा वाजता बेटावरून फॅक्स यायचा: लाटांचा हाताने काढलेला आलेख, खाली सही, आणि कोपऱ्यात सावनीसाठी एखादा खेकडा नाहीतर मासा. हेमांगी तो कागद नोंदवून मुख्यालयाला कळवायची. तेच तिचं काम होतं.

गेल्या आठवड्यात समुद्रातली जुनी तांब्याची तार काढून टाकली आणि बेटावर व घरी एकेक नवा डबा बसून फोन इंटरनेटवरून सुरू झाला. त्या दिवसापासून सहीचा एकही कागद आला नव्हता. फक्त हा आवाज.

आज सातवा दिवस. नियम असा होता, की सात दिवस सही आली नाही तर बेटावरच्या निरीक्षकाला उतरवून आणायचं आणि तिथलं केंद्र बंद करायचं. सकाळीच मुख्यालयातल्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. "ताई, बारा वाजता बोट सोडतोय. वय झालंय त्यांचं, वाईट वाटून घेऊ नका." समुद्राशिवाय बाबा किती दिवस तग धरतील, हे हेमांगीला विचारायची हिंमत झाली नव्हती.

दारात पायताणं वाजली. टेलिफोन खात्यातले परब काका आले होते. तीस वर्षं खांबांवर चढून आता ते इंटरनेट फोनचे डबे दुरुस्त करत हिंडायचे.

"काय गो, तुमच्या यंत्रात भूत शिरलंय म्हणे?"

"तुम्हीच तार काढलीत," सावनी म्हणाली. "मग भूत तुमचंच."

"बरोबर आहे बाय. बघू तर, काय खातंय पितंय ते." काकांनी पिशवी खाली ठेवली. "फॅक्स गेला नाही तर यंत्र दहा मिनिटांनी परत लावतं. पहिला धरून तीनदा. एक झाला. म्हणजे अकरा दहा आणि अकरा वीस, एवढंच आपल्या हातात आहे."

त्यांनी भिंतीवरच्या डब्याची तार आपल्या पाटीला (हातात मावणारा संगणक) जोडली. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हेमाताई, डबा लावला तेव्हा त्याने काही विचारलं होतं?"

हेमांगीला आठवलं. "विचारलं होतं, या क्रमांकावरच्या माणसाला कमी ऐकू येतं का. मी हो म्हटलं. खोटं कसं सांगू?"

"आणि?"

"मग म्हणाला, त्यांचे जुने आवाज असतील तर द्या, त्यांचं बोलणं तुम्हाला स्पष्ट करून देतो." तिचा स्वर खाली आला. "बाबांचे जुने निरोप होते माझ्याकडे. कान जायच्या आधीचे. ते दिले."

काकांनी पाटी मांडीवर ठेवली. मग त्यांनी सावनीला जवळ बोलावलं. "इकडे ये. तुझं भूत दाखवतो. आधी सांग, फॅक्स म्हणजे काय?"

"कागदाचा फोन."

"झकास. यंत्र कागद एकेक रेघ करून वाचतं. कुठे काळं, कुठे पांढरं. आणि ते शिट्ट्यांमध्ये सांगतं. इकडचं यंत्र शिट्ट्या ऐकून तसेच ठिपके काढतं. तांब्याच्या तारेतून शिट्टी पाटाच्या पाण्यासारखी सलग यायची. इंटरनेटवर तसं नाही. तिथे आवाजाचे तुकडे करून पुडक्यांत (माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांत) भरतात आणि एकेक पुडकं पाठवतात. काही उशिरा येतात, काही येतच नाहीत."

"मग भोकं पडत असतील."

"पडतात. ती डबा अंदाजाने बुजवतो. कसं ते बघ. मी बोलताना मध्येच एक तुकडा गिळतो, तू ओळख. आज जेवणात भा… आणि आमटी."

"भात."

"आता हे. सात, दोन, मग एक आकडा गिळला, मग नऊ. कोणता गिळला?"

"तो कसा कळणार? कुठलाही असेल."

"माणसाचं बोलणं भातासारखं असतं, भोक पडलं तरी कळतं. फॅक्सच्या शिट्ट्या म्हणजे नुसते आकडे. एक गेला की गेला. त्यात तुमच्या डब्याला सांगून ठेवलंय, की पलीकडे म्हातारा माणूस बोलतोय, त्याचं बोलणं तेवढं ठेव, बाकी गोंगाट फेकून दे. शिट्टी त्याला गोंगाट वाटली. ती त्याने पुसली, आणि उरलंसुरलं तुझ्या आजोबांच्या आवाजात घडवलं."

"पण ते माझं ऐकायचे."

"या खोलीतून कोणी बोललं की डबा पलीकडचा आवाज दाबतो, म्हणजे प्रतिध्वनी येत नाही. ऐकत कोणी नव्हतं, बाय."

सावनीने ओठ घट्ट मिटले. अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. काकांनी पाटी हेमांगीपुढे धरली. पडद्यावर लिहिलं होतं: 'स्पष्ट आवाज बंद करायचा का?'

"नको," सावनी म्हणाली. तिने आईचं मनगट धरलं. "मी आजोबांचा आवाज कधीच ऐकला नाहीये. तू ऐकलायस. मला फक्त हाच आहे."

हेमांगीचं बोट अडलं. हाच आवाज तिला लहानपणी भरती-ओहोटी समजावून सांगायचा. आणि आत्ता, या क्षणी, तो माणूस बेटावर एकटा कागद यंत्रात सरकवत असेल, आणि तो पोचत का नाही हे त्याला कळत नसेल.

"सावू, आजोबा आपल्याला काहीतरी सांगतायत," ती हळूच म्हणाली. "या आवाजामुळे त्यांचं सांगणं आपल्यापर्यंत येत नाहीये."

मनगटावरची पकड सैल झाली. हेमांगीने बटण दाबलं.

टक्. अकरा दहा. या वेळी माणूस बोलला नाही. कर्कश शिट्ट्या आल्या. कागदावर लाटा उमटल्या, एक, दोन, तीन, मग एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढली गेली आणि खाली सगळं काळं झालं. सही नाही.

"भोकं अजून आहेतच," काका पुटपुटले. बोटं भराभर चालत होती. "आता शिट्ट्या पाठवायच्याच नाहीत. बेटावरचा डबा तिथेच शिट्टी ऐकेल, तिचे ठिपके करेल आणि ठिपकेच पुडक्यांत भरेल. प्रत्येक पुडक्यात आधीच्या पुडक्याची नक्कलही घालेल."

"म्हणजे एक हरवलं तरी पुढच्यात सापडेल," सावनी म्हणाली.

"मला निवृत्त करतेस की काय? आणि आपलं यंत्र सुरुवातीलाच त्यांच्या यंत्राला सांगेल, की सावकाश बोल."

"पण आजोबांना बटणं दाबायला कोण सांगणार?"

"कोणीच नाही. फोन लागला की दोन्ही डबे आधी आपसात ठरवतात, कसं बोलायचं ते."

अकरा वीस. टक्. कागद इतका सावकाश सरकत होता की हेमांगीला तो ओढून काढावासा वाटला. लाटा आल्या. आकडे आले. मग सही, ठसठशीत, आणि तिच्याखाली तिरक्या अक्षरांत: 'यंत्र रोज सांगतं की कागद गेला नाही. मी रोज पाठवतो. मी ठणठणीत आहे. नवी मोजपट्टी पाठवा आणि पुढच्या बोटीने सावनीला आणा, तिला एक नवा प्रवाह दाखवायचाय.' कोपऱ्यात एक खेकडा होता, नांगी वर केलेला.

हेमांगीने साहेबांना फोन लावला. सही पोचली होती. बोट धक्क्यावरच राहिली. काकांनी पिशवी आवरली आणि कोकम सरबत मागितलं. हेमांगीने त्यांना दोन पेले दिले.

ते गेल्यावर घर पुन्हा शांत झालं. सावनी खेकड्यावरून बोट फिरवत होती. बेटावर जायचं म्हणून ती खूश होती, ते तिच्या पायांच्या हालचालीवरून कळत होतं. मग पाय थांबले.

"आई, आजोबा तर तिथे लिहीतच होते. बोलत नव्हते."

"हो."

"मग आपण बटण दाबलं तेव्हा गप्प कोण झालं?"