पाहुण्या पेशी

"मूल हवं असेल, तर आधी ते होऊ द्या. पेशीशुद्धी नंतर करा," असं डॉ. नाझनीन तांबोळींनी ऋजुताला सांगितलं होतं. "आम्ही जे गाळून काढतो ते शरीरात कशासाठी असतं, हे आम्हालाच अजून पुरतं ठाऊक नाही."

ऋजुता तेव्हा सव्वीस वर्षांची होती. संधिवाताने तिची बोटं सुजली होती. "डॉक्टर, मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. मूल काय उचलणार मी?" असं हसत म्हणून तिने शुद्धीच्या संमतीपत्रावर सही केली. महिन्याभरात बोटं मोकळी झाली. पुढच्या चार वर्षांत मात्र तिचे चार गर्भ गेले.

आता ती पुण्यातल्या गर्भप्रतिकार प्रयोगशाळेत पुन्हा तांबोळींच्याच समोर बसली होती. शेजारी तिची आई, सुमेधाताई. टेबलाच्या कडेला जनुकतज्ज्ञ डॉ. केणी पडद्यावरचे निष्कर्ष चाळत होते.

"गुणसूत्रं?" तांबोळींनी विचारलं.

"नवरा-बायको दोघांची चोख. गेलेल्या गर्भांतले तीन तपासले, तेही निर्दोष," केणी म्हणाले. "माझं दुकान बंद, मॅडम. आता खटला तुमच्या राखणदारांवर."

तांबोळी ऋजुताकडे वळल्या. "गर्भ निम्मा परका असतो. वडिलांकडून आलेली त्याची अर्धी ओळख आईच्या शरीराला अनोळखी. तरी तिच्या राखणदार पेशी त्याच्यावर तुटून पडत नाहीत, कारण दुसऱ्या काही पेशी त्यांना आवरतात. हे आवरणं शरीर शिकतं कुठे, माहीत आहे?"

"कुठे?"

"ते स्वतः पोटात असताना. तेव्हा त्या पोटातल्या थोड्या पेशी बाळात येतात आणि कायमच्या राहतात. आम्ही त्यांना पाहुण्या पेशी म्हणतो. परकं दिसलं की मारायचंच असं नाही, हे बाळाचं शरीर त्यांना सांभाळता सांभाळता शिकतं. पुढे काही जणींच्या सांध्यांत ह्याच पेशी भांडणं लावतात. तुमचं भांडण आम्ही मिटवलं, पण पाहुण्यांनाच हाकलून."

"पण शुद्धी केलेल्या कितीतरी जणींना मुलं झाली आहेत." ऋजुताने ते सगळं वाचलं होतं. हल्ली ती सगळंच वाचत असे.

"झाली आहेत. तुमच्याइतके कडक राखणदार सहसा जन्मजात असतात, आईकडून जनुकातून आलेले. मग आईलाही त्रास झालेला असतो." तांबोळींनी सुमेधाताईंकडे पाहिलं. "तुमचे कधी गर्भ गेले होते?"

"नाही हो. ही एकच, आणि सगळं सुरळीत."

"मागच्या वेळीही तुम्ही हेच सांगितलंत. ठीक आहे. उपाय एकच दिसतो. आईच्या रक्तातून पेशी वाढवायच्या आणि ऋजुताला थोड्या थोड्या परत द्यायच्या. शाळा पुन्हा भरवायची."

"माझं रक्त कशाला?" सुमेधाताईंनी पदर सावरला. "मला शुगर आहे."

"असू द्या, आम्ही चहात नाही घालणार," केणी म्हणाले.

ऋजुता हसली. आई हसली नाही. ऋजुताच्या ते लक्षात आलं. तरी सुमेधाताईंनी शेवटी हात पुढे केला.

आठवड्याने दोघींना पुन्हा बोलावलं, तेव्हा केणी एकही विनोद न करता बोलले. "शुद्धीच्या वेळी गाळलेल्या पेशींचा नमुना आमच्या शुद्धीकेंद्राने जपून ठेवला होता. रसायनात मारलेल्या पेशी आहेत, वापरता येत नाहीत, पण वाचता येतात. त्या सुमेधाताईंच्या नाहीत."

"म्हणजे मी दत्तक?"

"नाही. तुमचा अर्धा जनुकसंच ह्यांचाच आहे. आई ह्याच. पण पाहुण्या पेशी जनुकांतून येत नाहीत, गर्भाला पोसणाऱ्या वारेतून येतात. ज्या पोटात तुम्ही वाढलात, ते दुसऱ्या बाईचं."

"असं कसं होईल? आईच्या डोहाळजेवणाचा फोटो आहे घरी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. सांग ना गं त्यांना!"

"उशी होती," सुमेधाताई म्हणाल्या. "तुझ्या मावशीने शिवलेली. दर महिन्याला ती त्यात थोडा कापूस वाढवायची. तुझ्या आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. माझे तीन गेले होते, ऋजू. तुझ्या आत्या मला कुणाची ओटीसुद्धा भरू देत नव्हत्या."

"तीन! अहो, हे आधी सांगितलं असतंत, तर..." केणींना तांबोळींनी हातानेच थांबवलं.

"कडक राखणदार तुम्हाला आईकडून मिळाले," त्या ऋजुताला म्हणाल्या, "आणि त्यांच्यावरचा उतारा त्या बाईकडून. उतारा आपण गाळून फेकला. आईच्या पेशी देऊन उपयोग नाही, तुमच्या शरीराने त्या कधी पाहिलेल्याच नाहीत. ती बाई हवी, आणि जिवंत हवी."

"विमल गांगुर्डे," सुमेधाताई म्हणाल्या. "सिन्नरची."

त्या काळी पैसे देऊन आपला गर्भ दुसरीच्या पोटात वाढवणं कायद्यात बसत होतं. नाशकातल्या एका दवाखान्यामागच्या घरात अशा बायका नऊ महिने राहत. बंदी आल्यावर दवाखाना बंद झाला, आणि त्या बायका आपापल्या गावी गेल्या.

दोघी सिन्नरला पोचल्या, तेव्हा विमलबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी सुमेधाताईंना ओळखलं, मग ऋजुताकडे नीट पाहिलं.

"नाक तुमचंच घेतलंय, ताई. पोटात लाथा मात्र माझ्या धाकट्यासारख्या मारायची."

ऋजुताने सगळं सांगितलं. चार वेळा काय झालं तेही.

"रक्त ना? घ्या की. नऊ महिने देत होते, तवा कुठं मोजलं?" विमलबाईंनी हात पुसले. "माझं एक काम करशील, बाई? तुझ्या मागून दुसऱ्या घरची एक पोरगी पोटात ठेवली होती मी. सातव्यातच झाली. काचेच्या पेटीत घालून नेली, मला दाखवलीसुद्धा न्हाई. जगली का, कुणी सांगंना. तुमच्या मशिनीला रक्तातलं समदं दिसतं म्हणतीस, तर तेवढं बघ."

ऋजुताने शब्द दिला.

विमलबाईंच्या रक्तात त्यांच्या दोन मुलग्यांच्या पेशी मिळाल्या, ऋजुताच्या मिळाल्या, आणि आणखी एका मुलीच्याही.

"म्हणजे ती आहे!" ऋजुता उठूनच उभी राहिली.

"तिच्या पेशी आहेत," तांबोळी म्हणाल्या. "वारेतून पाहुण्या दोन्हीकडे जातात. मूल गेलं, तरी त्याच्या पेशी आईत राहतात." त्यांनी दुसरा अहवाल पुढे ओढला. "तुमच्या चौघांच्याही तुमच्यात आहेत. शुद्धी त्याआधीची ना? कालच्या तपासणीत दिसल्या."

ऋजुता पुन्हा खाली बसली. केणींनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

विमलबाईंच्या पेशी तिला सहा महिने दिल्या गेल्या. पाचवा गर्भ राहिला, आणि आधीच्या एकानेही न गाठलेला दहावा आठवडा ओलांडून पुढे गेला. मुलगी आता आठ महिन्यांची आहे. झोपली की ऋजुता तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते, थोड्या वेळाने पुन्हा येऊन बघते. नवरा हसतो, तिला त्याचं काही वाटत नाही.

विमलबाईंचा फोन येतो. आधी बाळाचं विचारतात, मग, "तिचं काही कळलं का गं?"

दवाखान्याची माणसं पांगली आहेत. प्रयोगशाळेला उत्तर देता येत नाही. मग ऋजुताने वर्तमानपत्रात मजकूर दिला:

"तुमच्या घरात, शेजारात, नात्यात अठ्ठावीसएक वर्षांची कुणी आहे का, जी नाशकात सातव्या महिन्यात जन्मली आणि पेटीत वाढली? असेल, तर कृपा करून तिला भेटून या. फोनवर 'बरी आहे' एवढंच कळतं. तुम्ही जाऊन बघा. ती जेवते का, नीट चालते का, हसते का. तिला यातलं काही सांगू नका, कदाचित तिलाच माहीत नसेल. तिचं नाव-गाव मला नको. ती आहे, एवढंच कळवा. विमलबाईंना मी लगेच सांगते."