रोहींची कप्तान कुठे गेली?

"'मार'?" धम्मदीपाने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "निकिता म्हनते, 'मार'?"

"मंग मारू दे ना!" विनोद हसला. "आउट झाली त आपलाच फायदा!"

कामरगावातल्या धम्मदीपाच्या घरी, ओसरीत कूलरसमोर, तिघं जण एका स्टीलच्या ताटाभोवती पालथी पडली होती. आठवीची परीक्षा दिलेली धम्मदीपा, तिचा धाकटा भाऊ संघदीप आणि वर्गातला विनोद. ताटात दोन फासे होते. बाहेर मे महिन्याचं ऊन असं पेटलं होतं की अंगणात कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

हा त्यांचा उन्हाळी बेसबॉल होता. हिवाळ्यात शाळेच्या सरांनी खरा बेसबॉल शिकवला, वाशीमच्या शिबिरात गावोगावची मुलं भेटली आणि सगळ्यांना त्याचं वेड लागलं. पण मे महिन्यात मैदानावर उभं कोण राहणार? मग त्यांनी फाशांची लीग काढली. प्रत्येक संघात नऊ मनातले खेळाडू. फासे टाकण्याआधी कप्तानाने हुकूम द्यायचा. 'मार' म्हटलं आणि मोठं दान पडलं तर जोरदार फटका, छोटं पडलं तर आउट. 'टेकव' म्हटलं तर चेंडूला नुसती बॅट लावायची. त्यात मारणारा बहुधा बाद होतो, पण बेसवर उभा असलेला गडी एक बेस पुढे सरकतो. तीन बेस ओलांडून घरी परतला की धाव. व्हिडिओ कॉल लावून, दोन्ही गावांच्या डोळ्यांदेखत फासे टाकायचे.

आज अंतिम सामना होता. कामरगावचे काळवीट विरुद्ध आसेगावचे रोही, म्हणजे नीलगायी!

रोहींची कप्तान निकिता धम्मदीपाला मुळीच आवडत नसे. शिबिरात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पण तिचा खेळ मात्र धम्मदीपाला पाठ होता. तिसऱ्या बेसवर गडी असला की निकिता कधीच घाई करत नसे. ती शांतपणे म्हणायची, "टेकव." आणि हळूच धाव चोरायची.

"आत्ता तिची रनर तिसऱ्या बेसवर हाये. हे तिचं नाही," धम्मदीपा पुटपुटली. "आज सकाळपासून तोंड पन दाखवलं नाही तिनं. नुसते मेसेज."

"कॅमेरा बिघडला म्हने ना," विनोद म्हणाला.

"थांब, पाहू दे." धम्मदीपाने टाईप केलं, 'गंगीले कधी खेळवतेस?'

उत्तर लगेच आलं. 'त्याले शेवटी खेळवतो.'

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गंगी ही निकिताची सगळ्यात लाडकी खेळाडू, डावखुरी मुलगी. लीगमधल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं!

"त्याले?" संघदीप ओरडला. "खेळवतो? ताई, हा कोनी पोट्टा हाये!"

धम्मदीपाने सरळ फोन लावला. पलीकडून निकिताचा थोरला भाऊ पवन बोलला. निकिताला ताप आहे म्हणाला. तासाभराने विनोदने आपल्या फोनवरून विचारलं, तेव्हा ती मामाच्या गावाला गेली होती.

"तापात मामाच्या गावाले?" विनोदचं हसू आता मावळलं होतं.

रात्री जेवताना धम्मदीपाने बाबांना सांगितलं. "खेळातलं खेळात ठेवा बाप्पा," ते म्हणाले. "लोकायच्या घरात काय चाललं, आपल्याले काय करायचं?"

धम्मदीपाला घास गोड लागेना. आपण भांडतो त्या मुलीची इतकी काळजी आपल्याला का वाटावी, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

आसेगावला नीलिमाआत्या राहायची. दुसऱ्या दिवशी आईने तिच्यासाठी शेवयांची पिशवी दिली आणि तिघांना एसटीत बसवलं. कारंजा, मग मंगरुळपीर, मग खचाखच भरलेली जीप. आसेगावात उतरले तेव्हा तिघांचे चेहरे धुळीने माखले होते.

आत्याकडे पाणी पिऊन ते निकिताच्या गल्लीत गेले. दारापुढे मांडवाचे बांबू रोवलेले होते. भिंतीला नवा चुना होता. उखळात हळद कुटल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"वास्तुशांती हाये," दारातच आडवा उभा राहून पवन म्हणाला. सतराएक वर्षांचा असेल तो, पण नजर वर उचलत नव्हता. "निकिता नाही घरी."

तेवढ्यात आतून एक कासारीण बांगड्यांची टोपली सावरत बाहेर आली. "नवरीचा हात इवलासा बाई!" ती स्वतःशीच बडबडत होती. "एक माप बसून नाही राह्यलं. लहान पोरीयच्या बांगड्या आनाव लागतीन आता." आणि ती निघून गेली.

धम्मदीपाने पुन्हा मांडवाकडे पाहिलं. नवरी म्हणजे निकिता! निकिता तिच्यापेक्षा एका वर्षाने मोठी होती. फक्त एका वर्षाने!

आरडाओरडा करून चालणार नव्हतं. तिने आवाज अगदी साधा ठेवला. "पवनदादा, आमची मॅच अर्धी राह्यली. निकितानं समोर बसून डाव पुरा नाही केला, त रोही बाद होतीन. मंग सर सोता फोन करतीन तिच्या बाबाले, काहून खेळली नाही म्हनून."

"सर कायले फोन करतीन?" पवन गडबडला.

"नियम हाये!" विनोदने ठासून सांगितलं. असा काही नियम नव्हताच.

आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. निकिताची आजी, रंगूबाई. "येऊ दे रे पोट्ट्यायले. खेळ झाला की जातीन."

निकिता बाहेर आली. डोळे सुजलेले. तिने धम्मदीपाकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. रंगूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली. पवन दाराला टेकून उभा राहिला. संघदीपने पिशवीतून फासे काढले.

"तुही रनर तिसऱ्या बेसवर अडकली हाये," धम्मदीपा म्हणाली. "बरोबर?"

"व्हय."

"तिले तिथं थांबायचं हाये का?"

निकिताच्या हातातले फासे थांबले. तिने हळूच वर पाहिलं. तिला समजलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तिले कोनी इचारलंच नाही."

"खेळ कधी संपते मंग?"

"उद्या सकाळी. ऊन व्हायच्या आत."

"तुह्या रनरचं वय सांग."

"मनातल्या पोरीले वय कायचं?" पवन मध्येच म्हणाला.

"वाहवा दादा! वयाचा गट असते ना!" संघदीपने तोंड वेंगाडलं. "काल मेसेजवर तुमी..." विनोदने त्याला जोरात चिमटा काढला.

"चौदा," निकिता म्हणाली.

उंबऱ्यावर तांदूळ निवडणारी बोटं क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"रनरनं मदत मांगतली," धम्मदीपा म्हणाली, "त द्यावं लागते. मांगून राह्यली का ती?"

"मांगून राह्यली." निकिताच्या डोळ्यांतून टपकन पाणी ताटात पडलं. "पन टेकव, धम्मदीपा. मारू नको."

गाजावाजा नको, असं ती म्हणत होती. धम्मदीपाने मान हलवली.

परत घरी आल्यावर नीलिमाआत्याने सगळं ऐकून घेतलं. "मांडव त मीबी पाह्यला होता," ती म्हणाली. "सगळ्यायनं पाह्यला. पन मी कशी बोलू बाई? आमाले याच गावात राहाचं हाये. पान्याले त्यायच्याच गल्लीतून जा लागते."

"आत्या, तिले उद्या सकाळी नेतीन!"

धम्मदीपाने आत्याचा फोन उचलला आणि शाळेच्या भिंतीवर रोज वाचलेला, मुलांच्या मदतीचा नंबर लावला. एक शून्य नऊ आठ. पलीकडच्या बाईंनी शांतपणे मुलीचं नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. घराची खूण विचारली तेव्हा धम्मदीपा अडखळली. आत्याने पदराने चेहरा पुसला, फोन आपल्या हातात घेतला आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "मारोतीच्या पारापासून डाव्या हाताची गल्ली. मी नीलिमा बोलून राह्यली. हो, माह्यं नाव लिहा."

दिवस कलायच्या आत ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई आणि दोन पोलीस त्या दारात उभे होते. निकिताचे वडील जगदेव शेतातून धावत आले. गल्ली माणसांनी भरली.

"लगन कोनाचं?" जगदेव ओरडले. "वास्तुशांती हाये माह्या घरी! कोनं सांगितलं तुमाले? नाव सांगा त्याचं!"

धम्मदीपा आत्याच्या मागे उभी होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं. पण तिच्या आधी दारातून आवाज आला.

"मी सांगितलं, बाबा."

निकिता उंबऱ्यावर उभी होती.

जगदेवांचा हात वर गेला. तो रंगूबाईने धरला. "तिच्या अंगाले हात नको लावू," म्हातारी म्हणाली. "पोट्टी वय इचारून राह्यली होती ना, तवाच मले समजलं. मी उठवू शकत होती त्यायले. नाही उठवलं."

जगदेव खाली बसले. मग ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "नववीले बसनं जा लागते तिले. रस्त्यानं काही झालं त? आता चांगलं घर चालून आलं होतं, म्हनून..."

अंगणवाडीच्या ताईंनी कायदा समजावला. नवरदेवाकडे निरोप गेला. पुढे वाशीमला बाल कल्याण समितीसमोर जगदेवांनी लिहून दिलं की अठरा पूर्ण होईपर्यंत मुलीचं लग्न करणार नाही, शाळा बंद करणार नाही. ग्रामसेवकांनी ग्रामसभेत तिघांना पुढे बोलावलं. "मांडव आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला," ते म्हणाले, "आणि आम्ही विचारलं नाही. या मुलांनी एका चुकीच्या हुकमावरून ओळखलं. शाबासकी त्यांची, आणि शरम आमची." टाळ्या झाल्या. नीलिमाआत्या सगळ्यांत पुढे बसली होती. तिने पोरांच्या पाठीवरून हात फिरवला. धम्मदीपाला मात्र टाळ्यांपेक्षा, बायकांच्या घोळक्यात बसलेल्या निकिताचं मोकळं हसू जास्त दिसत होतं.

सुट्टी संपत आली तेव्हा निकिताच्याच ओसरीत सामना पुरा झाला. रोही एका धावेने जिंकले.

"फासा ताटाबाहेर गेला होता!" धम्मदीपा चिडून ओरडली. "मी पाह्यला!"

"काठाले लागून आत आला होता! डोळे तपासून घे तुहे!"

"पुन्हा टाक!"

"नाही टाकत!"

भांडण रंगात आलं असताना दारात सावली पडली. जगदेव उभे होते. इतके दिवस त्यांनी लेकीशी एक शब्द काढला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, जरा लांबच भिंतीशी टेकून बसले आणि ताटाकडे पाहू लागले.

"निकिता," ते शेवटी म्हणाले, "हे बेस म्हंजे काय असते वं?"

निकिताने एकदा बापाकडे पाहिलं. मग तिने ताट उचललं, त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.