साफिया भाभींची जागा

जून महिन्यात मुलतानच्या उन्हात काळा कोट घालून बसणारा माणूस एक तर वकील असतो, नाहीतर वेडा. त्या दुपारी माझ्या इमर्जन्सी वॉर्डात आणलेला इसम दोन्ही होता.

आमच्याच मेडिकल कॉलेजच्या फाटकाबाहेर मुलांचं धरणं चाललं होतं. मेडिकलच्या निम्म्या जागा मुलांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी. मुली जास्त मार्क मिळवतात, जागा अडवतात, मग लग्न करून घरी बसतात, असं त्यांचं म्हणणं. हा त्यांचा वकील, याच मागणीची याचिका त्याने कोर्टात लावली होती. ऊन लागून डोळे पांढरे झाले होते, तरी हातातला फलक सुटत नव्हता. त्यावर लिहिलं होतं, 'जागा डॉक्टरसाठी, नवरीसाठी नाही.'

मी फलक काढून घेतला, कोट उतरवला, शीर शोधून सलाइन लावली. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

"मी कुठे आहे?"

"एका नवरीच्या वॉर्डात."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग भिंतीला टेकवलेल्या फलकाकडे... आणि त्याचे कान लाल झाले.

"लग्न झालंय तुमचं?"

"अजून नाही. पण तुमच्या हिशेबाने होणारच आहे. तेव्हा हात हलवू नका, मी घरी बसायच्या आत ही बाटली संपू दे."

तो हसला. असा अचानक, लहान मुलासारखा, की माझ्याच हातातली चिकटपट्टी वाकडी लागली. मला भयंकर राग आला. त्याचा नाही, माझा.

दुसऱ्या दिवशी हजर. फलक परत हवा होता. मी तो खिडकीला लावला होता, कारण तिथल्या म्हातारबाबांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. त्याने ते पाहिलं आणि गेला. संध्याकाळी कापडाचा जाड पडदा घेऊन आला, स्टुलावर चढून स्वतः ठोकला, आणि फलक काखोटीला मारून गेला. मग रोजच काहीतरी निघू लागलं. कधी डोकं दुखतंय, कधी धरण्यावरच्या कुणाला तपासायचंय, कधी नुसताच फालशाच्या सरबताचा थर्मास. नर्सेस त्याला माझा क्रॉनिक पेशंट म्हणू लागल्या.

त्याचं नाव हम्माद खाकवानी. आम्ही भांडायचो, आणि भांडताना वेळ कसा जायचा कळत नसे. त्याचा धाकटा भाऊ झैन, त्याची मेडिकलची जागा एका मार्काने हुकली होती आणि तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून झोपत होता. मला वाईट वाटलं, मी तसं म्हटलंही. मग मी त्याला माझ्या अम्मीची गोष्ट सांगितली. अम्मीच्या वेळी मुलींना मोजक्याच जागा असत. तिच्यापेक्षा कमी मार्कांची गल्लीतली मुलं डॉक्टर झाली, आणि ती शाळेत विज्ञान शिकवत राहिली, कारण मुलींच्या जागा भरल्या होत्या.

"तो अन्याय होता," तो म्हणाला.

"आणि तुम्ही मागताय तो?"

"तो... बघावं लागेल."

"बघा मग, वकीलसाहेब. सरबत गरम व्हायच्या आत."

ऑगस्टमध्ये मी सर्जरीच्या ट्रेनिंगची प्रवेश परीक्षा पास झाले. लहानपणापासून हवं होतं ते एवढंच. हम्माद सोहन हलव्याचा डबा घेऊन आला, पण डबा देईना. झाकणावर बोटं वाजवत उभा राहिला.

"डॉक्टरसाहिबा, अम्मीला तुमच्या घरी पाठवलं तर... चहा मिळेल?"

मी म्हटलं, "साखर किती घेतात त्या?" आणि डबा ओढून घेतला.

आमच्याकडे मागणीच्या पहिल्या भेटीला मुलगा येत नाही. त्याची अम्मी आली आणि सोबत मोठी सून. अम्मी गोड बाई. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या अम्मीच्या कबाबांची तारीफ केली, आणि मग ट्रॉलीवरचा दुसरा समोसा घेता घेता म्हणाल्या, "आम्हाला सून डॉक्टरच हवी होती. एक आहेच, आता दुसरी. आणि बेटा, ड्युट्यांची काळजी सोड. आमच्या सुना बाहेर राबत नाहीत."

माझ्या अम्मीच्या हातातली किटली थांबली.

मोठी सून, साफिया भाभी, खाली बघून बशी पुसत होती. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटत होता, आणि मग आठवलं. कॉलेजच्या व्हरांड्यात सुवर्णपदकवाल्यांचे फोटो लागलेत, त्यात ती आहे. मी विचारलं, हल्ली काय करता? "अम्मींचं बीपी बघते," ती म्हणाली.

मी कप घेऊन स्वयंपाकघरात गेले, तशी ती मागोमाग आली. माझा हात हातात घेऊन बोटं बघितली. "सर्जरी ना? मलाही तीच करायची होती. 'लग्नानंतर बघू,' म्हणाले होते..." बाहेरून हाक आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी हम्माद आला तेव्हा त्याचा चेहरा फुललेला होता. मी त्याला कॅन्टीनमागच्या कडुनिंबाखाली नेलं आणि त्याची अम्मी काय म्हणाली ते सांगितलं.

"अगं, ते ती बोलतेच. लग्नानंतर बघू ना आपण, हळूहळू मानेल ती."

तेच शब्द, जसेच्या तसे.

"भाभींना हेच सांगितलं होतं."

"ते भाईने. मी नव्हतं सांगितलं."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"तिथेच," तो म्हणाला. "जेवत होतो."

मी विचारलं, तुमच्या याचिकेत नोकरी सोडलेल्या डॉक्टरणींची उदाहरणं आहेत, त्यात भाभी आहे? तो मान वर करेना. पहिलंच उदाहरण तिचं होतं, नाव न घालता.

"मग कोर्टात हेही सांगा, की त्यांना घरी कुणी बसवलं."

"मदीहा, ते सांगितलं तर केस ढासळेल. झैनची जागा जाईल."

"नाही सांगितलं तर मी जाईन."

मला तो आवडत होता. इतका, की त्याच्या बुटांचा आवाज वॉर्डाच्या टोकावरून ओळखू यायचा. तो निघून गेला.

सुनावणीला आम्ही बऱ्याच डॉक्टरणी गेलो. मी मागच्या बाकावर बसले. डोक्यावर पंखा करकरत होता आणि पुढे झैन आणि त्याचे मित्र ताठ बसले होते. हम्माद उभा राहिला. छान बोलला, आकडे दिले, न्यायमूर्ती मान डोलावत होते. वाटलं, संपलं. ओढणीचं टोक मी इतकं पिळलं होतं की बोट पांढरं पडलं. मग तो पहिल्या उदाहरणाशी आला... आणि थांबला. त्याने कागद खाली ठेवला.

"जनाब, ही डॉक्टर माझी भाभी आहे. तिने जागा वाया घालवली, असं मी लिहिलंय. तिने नाही घालवली. आम्ही घालवली, माझ्या घराने. मी रोज तिच्या हातची रोटी खाल्ली आणि तिच्याच विरुद्ध याचिका लिहिली. यापुढे मी ही केस चालवू शकत नाही."

पुढच्या बाकावर गलका झाला. झैन उठून बाहेर गेला, दार आपटून. हम्मादही निघाला. माझ्या शेजारून गेला, पण डोळे वर केले नाहीत. धावत त्याच्या मागे जावंसं वाटत होतं, पण उठले नाही. बोलणं सोपं असतं, पुढे तो घरी काय करतो ते मला बघायचं होतं.

मग काहीच नाही. मुलांनी दुसरा वकील केला, खटला अजून चालूच आहे. माझं ट्रेनिंग सुरू झालं. सकाळी हात धुवून टेबलाशी उभी राहिले की सगळं विसरायचे, आणि हातमोजे काढले की सगळं परत यायचं. उन्हाळा सरला, संध्याकाळी गार वाटू लागलं. ना थर्मास, ना डोकेदुखी. नर्सेसनी माझी थट्टा करायचं सोडून दिलं, त्याचंच जास्त दुःख झालं.

एका शुक्रवारी अम्मीचा फोन आला, पाहुणे आलेत, लवकर ये. मी ऑपरेशन थिएटरच्या चपलांतच घरी पोचले. बैठकीत हम्मादची अम्मी, चेहरा आंबट. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास.

"साफिया भाभी नाही आल्या?" मी विचारलं.

"ती कशी येईल? ड्युटी आहे तिची. संध्याकाळी घरी आली की झैनचा अभ्यास घेत बसते, परत परीक्षा द्यायचीय त्याला. तो हम्मादशी बोलत नाही, हिच्याशी बोलतो." त्यांनी सुस्कारा टाकला. "सकाळपासून माझं बीपी कुणी बघितलेलं नाही."

मी यंत्र आणून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. थोडं वाढलंय, म्हटलं.

"वाढणारच." त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या. "तू पण अशीच जाणार रोज?"

"रोज, आंटी. रात्रपाळीला पण."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे हम्माद ट्रे घेऊन उभा होता, कोपरापर्यंत बाह्या वर, शर्टवर चहाचे डाग. तो माझ्याकडे बघत होता.

"मग याला चहा तरी धड करायला शिकव," त्या म्हणाल्या. "आता घरी दुसरं कोण करणार?"

मी कप उचलला. चहा करपलेला होता, आणि साखर घालायला तो विसरला होता. मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले.