गेला का आत?

आरशात कुणीच नव्हतं.

फाटा ओलांडून ती रस्त्याच्या कडेला थांबली होती. जुन्या गाड्यांच्या क्लबचा हा नियमच होता. सहलीला निघालं, की प्रत्येकानं फाट्यापुढे थांबायचं आणि मागची गाडी आरशात दिसली की मगच निघायचं, म्हणजे कुणी वाट चुकत नाही. तिच्या मागे एकच गाडी होती, क्लबात नव्यानंच आलेल्या कुणाची तरी हिरवी, चिमुकली, जेमतेम दोन माणसांची. धुकं उतरून शेतांवर बसलं होतं. पुढच्या गाड्यांचे आवाज केव्हाच विरले होते... आणि हिरव्या गाडीचा पत्ता नव्हता.

शेजारच्या सीटवर तिची पिशवी आणि चहाचा थर्मास ठेवला होता. ती सीट रिकामी दिसू नये, एवढंच त्यांचं काम. एकट्या माणसाला अशा युक्त्या आपोआप सुचतात.

शेवटी हॉर्न ऐकू आला, तोही भलत्याच बाजूनं. डावीकडच्या कच्च्या वाटेवरून हिरवी गाडी लाल धुळीत न्हाऊन बाहेर आली. तिच्यातून एक उंच माणूस घडीचा चाकू उघडावा तसा उलगडत उतरला.

"वीटभट्टी पाहून आलो," तो म्हणाला. "छान आहे. पण आपल्या सहलीत ती होती का?"

"तुम्ही डावीकडे वळलातच कशाला? मी सरळ आले."

"अहो, तुम्हीच तर डावा हात दाखवलात!"

"मी? मी कशाला हात दाखवू?"

त्यानं तिच्या गाडीकडे बोट केलं. दोन दारांमधल्या खांबातून बाहेर आलेला इशाऱ्याचा हात अजून तसाच आडवा होता, टोकाशी पिवळा दिवा मिणमिणत. त्या काळच्या गाड्यांना लुकलुकणारे दिवे नसत. बटण फिरवलं की असा वीतभर हात बाहेर यायचा आणि वळण झालं की आत जायचा. तिच्या गाडीचा डावा हात मात्र जन्माचा हट्टी. बाहेर यायचा, पण आत जायचं नाव घेत नसे. आतून खांबावर एक बुक्की मारावी लागे, आणि चालवणाऱ्याचा हात काही तिथवर पोचत नसे.

ते काम तिचं होतं, अगदी लहानपणापासून. बाबा गाडी चालवायचे, ती शेजारी बसायची. वळण झालं की ते समोर बघतच विचारायचे, "गेला का आत?" ती बुक्की मारून म्हणायची, "गेला!" बाबा गेल्यावर ती चालवायच्या सीटवर आली. सुरुवातीला सवयीनं तीही विचारायची. रिकाम्या सीटकडून उत्तर येईना, तेव्हा तिनं विचारणं सोडून दिलं. आणि आज मागच्या डाव्या वळणानंतर थांबून बुक्की मारायची राहून गेली आणि हात बाहेरच राहिला होता, साऱ्या जगाला खोटी वाट सांगत.

तिचे डोळे भरून आले. चारचौघांत रडणाऱ्यांतली ती नव्हती. पण चारचौघं कुठे होती?

"अहो, वीटभट्टी खरंच छान होती," तो गडबडून म्हणाला. "मी... आत बसून ठोकून बघू का? तुम्ही सांगाल तिथे."

"नको," ती पटकन म्हणाली. "तिथं सामान आहे."

त्यानं पिशवी पाहिली, थर्मास पाहिला, तिचा चेहरा पाहिला. मग बाहेरूनच, फुलपाखराचा पंख मिटावा तितक्या हळू, तो हात ढकलून आत घातला. नको म्हटल्यावर खरोखर थांबणारी माणसं तिनं फार पाहिली नव्हती. तो आपल्या गाडीत जाऊन बसला, तेव्हा आपण आभार मानायचेही विसरलो हे तिच्या ध्यानात आलं.

मुक्काम तळ्याकाठच्या विश्रामगृहात होता. जेवणाच्या दालनात सगळे जोडीजोडीनं बसले होते. कुणी नवऱ्याच्या ताटात वाढत होतं, कुणी बायकोच्या गाडी चालवण्याची टिंगल करत होतं. ती भिंतीकडच्या टेबलावर लवकर जेवून उठली. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"ठरल्याप्रमाणे उद्या देऊन टाक बाई ती गाडी," आत्या म्हणाली. "लोखंडाशी संसार करतेस का? गाडी काढून टाक आणि माणूस आण घरात!"

ठरलं होतं खरं. सहल संपणार होती ती क्लबच्या अध्यक्षांच्या मळ्यावर. त्यांचा या गाडीवर फार जुना जीव. चहा झाला की ती किल्ली त्यांच्या हातात ठेवणार होती.

अंगणात गाडीवर कापड घालायला गेली, तर तो तिथेच फडक्यानं आपल्या हिरव्या गाडीची लाल धूळ पुसत होता. आभाळात अजून थोडा उजेड होता.

"सकाळी आभार राहिले," ती म्हणाली.

"उधारी ठेवा. ओळख टिकते." त्यानं फडकं झटकलं. "काय करता तुम्ही एरवी?"

"चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते, आणि ते मला एवढंच सांगतात, 'हे स्पष्ट... नाही, ते स्पष्ट.' तुम्ही?"

"दातांचा डॉक्टर. माझं तर त्याहून वाईट. माझ्याकडे माणसं येतात आणि मीच त्यांची तोंडं उघडी ठेवतो. बोलणार कशी बिचारी? दवाखान्याच्या वरच राहतो. संध्याकाळी जिना चढलो की संपली दुनिया." तो हसला, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "म्हणून ही गाडी घेतली. म्हटलं, क्लबात माणसं भेटतील. इथे येऊन बघतो, तर प्रत्येक जण आपापल्या काचेमागे."

ती हसली. किती दिवसांनी, कोण जाणे.

"मी उद्या अध्यक्षांना गाडी देतेय," ती एकदम बोलून गेली. हे तिनं क्लबात कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याचा हात थांबला. "का? चालवता तर किती सुरेख! दिवसभर मी मागून तेच बघत होतो."

"चालवता येतं हो. पण... शेजारी कुणी नसलं ना, की या गाडीत फार शांत वाटतं. बाबांची म्हणून सोडवत नाही, आणि बाबा नाहीत म्हणून बसवत नाही."

त्यानं तिची समजूत काढली नाही. एवढंच म्हणाला, "मग उद्या वळणांवर जरा जास्त थांबा. तुमच्या आरशात मला तेवढाच जास्त वेळ दिसता येईल."

रात्री तिला उशिरापर्यंत झोप लागली नाही. याचं खापर तिनं विश्रामगृहाच्या उशीवर फोडलं.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. फाटा आला की ती थांबायची, आरशात हिरवा ठिपका उगवायचा, मोठा व्हायचा, दिवे मिचकावायचा. ती निघायची. त्या मिचकावण्याची आपण वाट बघतोय, हे तिला तिसऱ्याच फाट्यावर कळून चुकलं. काय उपयोग? दोन गाड्या, दोन माणसं, मध्ये सगळा रस्ता. आणि दुपारनंतर तर तिच्याकडे आरसाही असणार नव्हता.

शेवटचा फाटा आला. डावीकडे मळ्याचं फाटक, सरळ गेलं की घरचा रस्ता. बाकीच्या गाड्या केव्हाच आत गेल्या होत्या. अध्यक्ष फाटकात उभे राहून आनंदानं हात हलवत होते. तिनं बटण फिरवलं, डावा हात बाहेर आला... आणि पाय पुढे सरकेना. नियम मोडून ती फाट्याच्या अलीकडेच थांबली. आरशात बघत राहिली.

हिरवा ठिपका आलाच नाही.

आला तो बंद पडलेल्या गाड्या आणणारा क्लबच्या मिस्त्रीकाकांचा टेम्पो. वर हिरवी गाडी दोरखंडानं बांधलेली, आणि तिचा मालक काकांच्या शेजारी. तो उडी मारून खाली उतरला, तिच्या खिडकीशी आला आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा उभा राहिला.

"माझी बंद पडली," तो म्हणाला.

"पडली नाही, केली!" मिस्त्रीकाका वरून ओरडले. "इंजिन कसं घड्याळासारखं चालतंय! काय झालंय विचारा त्यांना. माझ्या पोटात मेलं काही राहत नाही!" आणि टेम्पो घेऊन ते मळ्यात शिरले.

"काय झालंय?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"दोन गाड्यांत बसून एकमेकांशी बोलता येत नाही. एकानं तरी आपली सोडायला हवी होती." तो थांबला, ओठांवरून जीभ फिरवली. "तुमची सुटायच्या आत म्हटलं आपली सोडावी. कालपासून मी तुम्हाला मागूनच बघतोय. मला तुम्ही आवडता. आता शेजारून बघायचंय... पण तिथं सामान असेल तर चालत येईन. तसं सांगा."

तिनं थर्मास उचलला, मागच्या सीटवर ठेवला. पिशवी उचलली, तीही मागे टाकली. उघड्या पडलेल्या त्या सीटकडे बघताना छातीत एक कळ उठली, जुनी, ओळखीची. बाबांची जागा कुणी घेणार नव्हतं. पण ती तर बाबांची जागा नव्हतीच. ती तिची स्वतःची होती. लहानपणापासून ती कुणाच्या तरी शेजारी बसत आली होती तिथे.

तो बसला. गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले.

तिनं बटण मधोमध फिरवलं. हट्टी हात अर्थातच बाहेरच राहिला, मळ्याच्या फाटकाकडे बोट दाखवत. तिकडे अध्यक्षांनी दोन्ही दारं उघडून धरली होती.

"अध्यक्षकाका, माफ करा!" तिनं खिडकीतून ओरडून सांगितलं. "नाही देत गाडी! उद्या फोन करते!"

मग तिनं गिअर टाकला, समोर घरच्या रस्त्याकडे पाहिलं आणि खांबाकडे मान हलवली. त्यानं मूठ वळली, एक बुक्की मारली. आत काहीतरी खट्कन वाजलं.

"गेला का आत?" तिनं समोर बघतच विचारलं. 

आणि शेजारच्या सीटवरून उत्तर आलं, "गेला."